बादलीकाका आणि बशीरावांचं पाणी

बादलीकाकांचं खरं नाव विचारलं असतं, तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं. ती त्यांना 'अहो' म्हणायची आणि बाकी सगळे 'बादलीकाका'. दोन हातांत दोन बादल्या, खांद्यावर गुंडाळलेली रबरी नळी, शर्टाच्या खिशात थेंबांची बाटली आणि बोटाएवढी काचेची नळी, अशा थाटात हा माणूस सकाळी घराबाहेर पडायचा, तो दुपारी ओल्या बाह्यांनी परत यायचा. काम एकच, लोकांच्या टाक्यांतले मासे सांभाळायचे.

मासे लोकांचे, काळजी काकांची. माणसं हौसेनं काचेची टाकी आणतात, चार दिवस तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतात आणि मग तिच्या झाकणावर किल्ल्या नि चष्मे ठेवायला लागतात. टाकीची पुन्हा आठवण होते ती एखादा मासा उलटा तरंगायला लागल्यावर. मग काकांना फोन जायचा. काका यायचे, टाकीत पडतात की काय इतके वाकायचे, वास घ्यायचे आणि माशाकडे ढुंकूनही न बघता आधी पाणी तपासायचे. "अहो काका, मासा आजारी आहे, पाणी नाही," असं कुणी म्हटलं की बादली खाली ठेवून सांगायचे, "तुम्हाला खोलीत गुदमरलं तर तुम्ही बाहेर जाल. हा कुठे जाणार? ह्याचं घर, ह्याची हवा आणि ह्याचा संडास, सगळं ह्या एका पाण्यात आहे."

पाण्याला स्वभाव असतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादं पाणी आंबटाकडे झुकतं, म्हणजे आम्लधर्मी. एखादं साबणाच्या पाण्यासारखं, म्हणजे अल्कधर्मी. शिकलेली गिऱ्हाईकं त्याला 'पीएच' म्हणायची आणि काकाही त्यांच्यासमोर तसंच म्हणायचे, पण मनातून त्यांना 'स्वभाव' हाच शब्द पटायचा. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, अंगठ्यानं तोंड दाबून हलवायचं. पाणी पिवळं झालं तर आम्ल, निळं झालं तर अल्क आणि हिरवं झालं तर मधोमध. मग तो मासा कुठल्या पाण्यातला, ते बघायचं. कुणाला निळ्याकडचं पाणी मानवतं, कुणाला पिवळ्याकडचं. सगळ्यांना एकाच पाण्यात घालणारा माणूस सगळ्यांना एकाच मापाचे बूट घालणाऱ्यातला, असं ते म्हणायचे, आणि हे वाक्य त्यांनी बायकोकडून उचललेलं होतं.

बायको शिवणकाम करायची. नवे कपडे थोडे, दुरुस्ती जास्त. कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलेलं, कुणाच्या पँटची चेन बिघडलेली, कुणाचा वजन वाढल्यावर अंगात न शिरणारा आवडता ड्रेस. स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत तिचं मशीन होतं आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगांवर दोऱ्यांची रिळं. दुरुस्तीत खरी कसोटी दोऱ्याच्या रंगाची. टाका दिसला की दुरुस्ती दिसली, आणि दुरुस्ती दिसली की काम वाया. त्यामुळे तिच्यापाशी नुसता हिरवा असा रंगच नव्हता. पोपटी होता, शेवाळी होता, बाटलीचा हिरवा होता, मोरपंखी होता. काका चेष्टा करायचे, "माझं सगळं जग तीन रंगांत चालतं, तुला भिंतभर लागतात." ती म्हणायची, "म्हणून तुम्ही मोजे वेगवेगळ्या जोडांतले घालता." आता हे ती हसण्यावारी नेत होती. पुढे तिला त्या मोज्यांचीच आठवण होणार होती.

काकांच्या सगळ्या टाक्यांमध्ये एक टाकी लाडकी होती. ती दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत होती. तिथे दोन डिस्कस मासे होते, बशीएवढे गोल आणि बशीएवढेच चपटे. दाढ धरून रडत बसलेल्या पोरांनी त्यांची नावं बशीराव आणि बशीबाई ठेवली होती. त्यांच्याबरोबर लाल-निळ्या पट्ट्यांच्या निऑन माशांचा एक झुबका होता. डॉक्टरीणबाई सांगायच्या की आत खुर्चीत बसल्यावर जी पोरं तोंड उघडत नाहीत, ती बाहेर टाकीसमोर आपोआप आ वासून बसतात. काकांनी ही जोडी अंगठ्याएवढी असताना आणली होती आणि हातानं भरवून वाढवली होती. काका टाकीपाशी उभे राहिले की बशीबाई काचेला तोंड लावून यायची. काकांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण बशीबाई पुढे आली की त्यांचा आवाज बदलायचा, हे दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं.

डिस्कस म्हणजे नाजूक प्रकरण. त्याला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं आणि जरासं आंबटाकडे झुकलेलं पाणी लागतं. पण फार आंबट झालं तर तेही चालत नाही, आणि जुन्या टाकीतलं पाणी हळूहळू आंबट होतच जातं. काका त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. एकदा त्यांना वाटलं, नळीतला हिरवा जरा पिवळट दिसतोय. पुढच्या वेळी तो त्यांना आणखी पिवळा दिसला. त्यांनी शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून गाळणीत ठेवला. शिंपला पाण्यात हळूहळू विरघळतो आणि आंबटपणा मारतो, हा त्या धंद्यातला जुना उपाय. तरी पिवळेपणा जाईना, म्हणून आणखी एक पिशवी ठेवली. शेवटी नळीत छान हिरवं दिसायला लागलं आणि काका निश्चिंत झाले.

आणि तिथूनच मासे आजारी पडायला लागले.

आधी निऑन गेले, एकेक करत. मग बशीरावांचा रंग काळवंडला. दोघं टाकीच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहायला लागली, पंख मिटून, कल्ले भराभर हलवत. बशीबाईच्या अंगावर दुधाळ साय आल्यासारखं झालं. काकांनी हातानं खाऊ धरला तर तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. काकांनी पाणी तपासलं. नळीत हिरवं. पुन्हा तपासलं. हिरवं. बाकीच्या टाक्यांतले मासे तर झकास होते. वकिलांच्या ऑफिसातले मॉली आणि बेकरीतले सोनमासे कधी नव्हते इतके तरतरीत. म्हणजे आपल्या हातात काही खोट नाही, असं काकांनी ठरवून टाकलं.

आता आपल्या हातात खोट नाही म्हटल्यावर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात शोधावीच लागते. काकांनी आधी दिव्याला दोष दिला, मग खाऊच्या डब्याला, मग रस्त्यावर चाललेल्या खोदकामाला. शेवटी त्यांची नजर नंबरताईवर पडली. नंबरताई म्हणजे बाहेरच्या टेबलावर बसून नंबर पुकारणारी मुलगी. दवाखान्यातला औषधांचा वास मारायला ती सकाळी सुवासिक फवारा मारायची.

"हा फवारा टाकीवर पडतो," काका म्हणाले.

"काका, मी दाराजवळ मारते. टाकीकडे तर येतसुद्धा नाही."

"हवेला काय दार माहीत असतं? तुझ्या ह्या अत्तरापायी माझी पोरं मरतायत."

खोलीत पेशंट होते. नंबरताई लालबुंद झाली, तिनं फवाऱ्याची बाटली उचलली आणि सगळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या, पण त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, "काका, हे दोघं गेले तर मी इथे दुसरे मासे ठेवणार नाही. पोरांना मेलेले मासे दाखवणं माझ्याच्यानं होणार नाही."

काका म्हणाले, "हे दोघं गेले, तर मीही बादल्या ठेवून देईन." आणि ते खरंच तसं ठरवून बोलले होते. ज्याला स्वतः वाढवलेली जोडी जगवता येत नाही, त्यानं दुसऱ्यांच्या टाक्यांत हात घालू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या दिवशी ते टाकीतलं पाणी बाटलीत भरून घरी घेऊन आले. आपले थेंब जुने झाले असतील, ही शंका तेवढी उरली होती, म्हणून येताना थेंबांची नवी बाटली घेतली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी दोन नळ्या भरल्या, एकीत जुने थेंब, एकीत नवे. हलवल्या, उजेडाकडे धरल्या आणि जड आवाजात म्हणाले, "दोन्ही हिरव्या. म्हणजे पाणी चांगलं आहे. मग मरतायत कशानं?"

बायको शेजारच्या खोलीत कोटाला बटण लावत होती. काकांचा आवाज असा पडलेला तिनं क्वचितच ऐकला होता. ती सुई तोंडात धरून आली, नळ्यांकडे पाहिलं आणि सुई बाजूला काढून म्हणाली, "हिरव्या कुठल्या?"

"ह्या काय, ह्या दोन."

"अहो, ह्या निळ्या आहेत."

"तू मला रंग शिकवू नकोस. गेली कित्येक वर्षं हेच करतोय."

"मग बघा नीट. मोरपंखीसुद्धा नाही, त्याच्या पलीकडे. चक्क निळ्या."

काकांनी बल्बला दोष दिला. हा नवा बल्बसुद्धा मिणमिणताच निघालाय. ते नळ्या घेऊन खिडकीपाशी गेले. बाहेर भरदुपारचं ऊन होतं. त्यांनी नळ्या आकाशाला धरल्या. "हिरव्या," ते म्हणाले, पण यावेळी जरा थांबून.

बायको मशीनच्या खोलीत गेली. भिंतीवरून तिनं मूठभर रिळं काढली आणि ओट्यावर ओळीनं मांडली. "ह्यातलं पोपटी उचला."

काकांनी एक उचललं.

"हे शेवाळी. बरं, आता मोरपंखी."

काकांचा हात दोन रिळांवर घुटमळला. त्यांनी एक उचललं आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या तोंडावरूनच त्यांना कळलं.

मग दोघांनाही एकेक गोष्ट आठवायला लागली. वेगवेगळ्या जोडांतले मोजे. दुकानातून काकांनी आणलेली भलत्याच रंगांची रिळं, ज्यावरून तिनं त्यांना वेंधळे म्हणून किती वेळा फैलावर घेतलं होतं. तिनं मोठ्या हौसेनं शिवलेले निळे पडदे, जे बघून काका म्हणाले होते, "हिरवे छान दिसतात," आणि हे मुद्दाम चिडवतायत असं समजून ती आठवडाभर फुरंगटून बसली होती. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत पसरतात म्हणून त्यांनी संध्याकाळची कामं बंद केली होती. बल्ब तर घरातले सगळे बदलून झाले होते.

"मोतीबिंदू असणार," बायको म्हणाली. "मोठ्या मामांना झाला होता, त्यांनाही सगळं चहातून बघितल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांकडे जाऊ."

पण काकांच्या डोक्यात डोळा नव्हताच. ते ओट्याला धरून उभे होते. "म्हणजे आधी होतं ते पोपटी होतं," ते हळूच म्हणाले. "अगदी हवं तसं होतं. मला पिवळं दिसलं म्हणून मी शिंपले घातले. घालत गेलो. इतकं अल्क झालं पाणी, आणि मी म्हणतोय हिरवं, छान हिरवं." मॉली आणि सोनमासे का तरतरीत झाले, तेही आता लक्षात आलं. त्या टाक्यांतही शिंपल्याच्या पिशव्या पडल्या होत्या, फक्त त्या माशांना निळ्याकडचं पाणी चालतं. "अल्क पाण्यात माशांच्या घाणीचं विष होतं गं. आंबट पाण्यात तीच घाण निमूट पडून असते. मी रोज त्यांना जाळत होतो." एवढं बोलून ते खाली स्टुलावर बसले आणि त्यांना रडू आलं. बायकोनं त्यांना रडू दिलं. मग तिनं विचारलं, "ती दोघं अजून आहेत ना?"

"आहेत."

"मग चला."

वाटेत तिनं विचारलं की सगळं पाणी काढून चांगलं भरलं तर आजच काम होणार नाही का. कुणीही हेच विचारलं असतं. काकांनाही मनातून तसंच करून टाकावंसं वाटत होतं. पण ते म्हणाले, "नाही. ह्या घाईनंच मासे जास्त मरतात. ती आता त्या वाईट पाण्याला कशीबशी सरावलीयत. एकदम चांगल्यात टाकली तर तेही त्यांना सोसणार नाही. जसं हळूहळू बिघडवलं, तसंच हळूहळू सुधारायला लागेल." आणि मग थांबून म्हणाले, "फक्त सुधारतंय की नाही, हे मला दिसणार नाही. ते तुला बघायला लागेल."

दवाखान्यात शिरल्यावर काका आधी टाकीकडे गेले नाहीत. ते नंबरताईच्या टेबलासमोर उभे राहिले. खोलीत सकाळसारखेच पेशंट होते, आणि ज्या आवाजात दोष दिला त्याच आवाजात काका म्हणाले, "ताई, फवाऱ्याचा काही संबंध नाही. चूक माझी आहे. मला रंग दिसत नाहीत आणि ते मला माहीत नव्हतं. तुला बोललो ते चुकलंच." नंबरताईनं उगाचच टेबलावरचा पेपर सारखा केला आणि म्हणाली, "बसा काका. पाणी आणू का?" आणि मग स्वतःच्याच प्रश्नाचं हसू येऊन काकांकडे बघून हसली.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. काकांना वाटलं होतं आता टाकी हलवायला सांगतील. पण त्या म्हणाल्या, "काका, मी दात बसवते तेव्हा शेजारच्या दाताचा रंग जुळवावा लागतो. तो मी कधीच एकटी ठरवत नाही. आधी ताईला दाखवते, मग पेशंटच्या हातात आरसा देते. एकट्या डोळ्यावर भरवसा ठेवून मी एकदा एका बाईंना पियानोच्या पांढऱ्याफेक पट्टीसारखा दात बसवला होता." काकांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

काकांनी शिंपल्यांच्या पिशव्या काढल्या. गाळून मऊ केलेलं पाणी आणलं होतं, ते टाकीच्या पाण्याइतकं कोमट केलं आणि बारीक नळीनं थेंबथेंब सोडलं. रोज बादलीभर जुनं पाणी काढायचं, बादलीभर नवं सोडायचं, त्याहून जास्त नाही. टाकीत वाळलेली पानं आणि लाकडाचा एक जुना ओंडका ठेवला. त्यानं पाणी हळूहळू आंबटाकडे येतं, पण चहासारखं तांबूसही होतं. पेशंट नाक मुरडायला लागले की टाकी घाण झाली. नंबरताई त्यांना ठणकावून सांगायची, "घाण नाही, औषध आहे. नंबर सात, आत जा."

रंग बघायचं काम बायकोचं. तिनं एका जाड पुठ्ठ्यावर ओळीनं दोरे गुंडाळले होते, लिंबाच्या पिवळ्यापासून निळ्यापर्यंत, मधल्या सगळ्या छटांसकट. नळी त्या पुठ्ठ्यावर धरून ती सांगायची. पहिल्या दिवशी निळा. दुसऱ्या दिवशीही निळा. मग एके दिवशी म्हणाली, "आज जरा मोरपंखीकडे आलंय." काका विचारायचे, "नक्की?" ती म्हणायची, "लोकांच्या कोटाला मी नक्की म्हटल्याशिवाय दोरा लावते का?"

पाणी सुधारत होतं, पण बशीबाई सुधारत नव्हती. ती एका बाजूला कलून पडायची आणि बशीराव तिच्या शेजारी उभे राहायचे. एका सकाळी ती ओंडक्याला टेकून अशी पडली होती की नंबरताईनं टाकीवर टॉवेल टाकून ठेवला, पोरांनी बघू नये म्हणून. काका आले, टॉवेल वर करून बघितलं, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. कल्ले हलत होते, पण फार हळू. बायको म्हणाली, "आज दोन बादल्या बदलू या का?" काका मान हलवून नाही म्हणाले. त्यांना हे नाही म्हणणं किती जड गेलं, ते तिला कळलं. त्यांनी बारीक नळी टाकीत सोडली आणि थेंब रोजच्याच गतीनं पडत राहिले.

त्यानंतर किती तरी दिवस तेच. आणि मग एकदा पाणी पोपटीवर आलं असं बायकोनं सांगितलं त्याच सकाळी, काकांनी सवयीनं पाण्यात बोटांत अळी धरली. बशीबाई ओंडक्यापासून सरळ झाली. ती पुढे आली, थांबली, जणू आधीचं काही आठवतंय, आणि तिनं अळी काकांच्या बोटांतून ओढून घेतली. काकांनी ओला हात बायकोच्या हातावर ठेवला आणि तिनं तो बाही ओली होईपर्यंत तसाच राहू दिला. टेबलामागून नंबरताई म्हणाली, "काका, खाल्लं का हो तिनं?" आणि खोलीतल्या एका पोरानं दाढ विसरून टाळ्या वाजवल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं मात्र काका टाळत होते. मासे आधी, डोळे नंतर, असं म्हणत होते, पण खरं कारण भीती. डोळ्यावर साय आलेले मासे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि त्यांतले बरे झालेले फार थोडे. बायको म्हणाली, "तुम्ही मासा नाही. आणि मी रोज तुमच्याबरोबर भटकले तर लोकांचे कोट उघडेच राहतील." शेवटी ते गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, एक आता करू, दुसरा काही महिन्यांनी.

शस्त्रक्रियेनंतर वाकायचं नाही आणि बादली उचलायची नाही, असा हुकूम होता. बादलीकाकांना बादली बंद. ते घरात नुसते फेऱ्या मारायचे. टाक्यांकडे बायको जायची, आणि दवाखान्यातली टाकी नंबरताईनं आपणहून अंगावर घेतली होती. पुठ्ठा तिच्या खणात असायचा. ती सकाळी फोन करून सांगायची, "पोपटी, काका. काकूंच्या दोऱ्याला अगदी जुळणारा." एकदा मात्र फोनवर जरा अडखळली. "काका, एक विचारायचं होतं. ती दोघं सारखी त्या ओंडक्याला तोंड लावून साफ करतायत. आणि कुणी जवळ गेलं की बशीराव काचेवर धावून येतात. पुन्हा काही बिघडलं का?"

काका खुर्चीतून उठले. "बिघडलं नाही, ताई. टाकीपाशी गर्दी होऊ देऊ नकोस. काही झालं तर मला लगेच सांग." मग फोन ठेवून बायकोला म्हणाले, "अंडी घालणार. निळ्या पाण्यात ह्यांची अंडी पांढरी पडून वाया जातात. पाणी जमल्याशिवाय ही जात अंडी घालायच्या भानगडीत पडत नाही."

डॉक्टरांनी बाहेर जायला परवानगी दिली त्या दिवशी काका बायकोबरोबर थेट दवाखान्यात गेले. टाकीसमोर उभे राहिले आणि त्यांना समोरचं खरंच वाटेना. बशीरावांच्या अंगावरच्या रेघा निळ्या होत्या. झळझळीत, नागमोडी, डोळ्यापासून शेपटीपर्यंत. म्हातारपणानं त्यांचा रंग उतरला अशी काकांनी मनाची समजूत घातली होती. रंग उतरलाच नव्हता. त्यांनी नवा डोळा मिटून जुन्यानं पाहिलं, तर मासा तपकिरी. जुना मिटून नव्यानं पाहिलं, तर निळा. तपकिरी, निळा. पुन्हा तपकिरी, पुन्हा निळा.

नंबरताई टेबलामागून बघत होती. "काका, तुम्ही मला डोळा मारताय का?"

"बाई गं," बायको म्हणाली, "ह्या वयात मारला तरी कुणाला लागणार आहे?" आणि तिघंही हसत सुटले.

हसता हसताच काका टाकीवर वाकले. बशीबाईच्या अंगावर काहीतरी हलत होतं. केसासारखी बारीक पिल्लं तिच्या दोन्ही कुशींना चिकटली होती आणि तोंडानं टोचत होती. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावर सुटणारा चिकट थर खाऊन वाढतात, हे काकांना माहीत होतं, पण आपल्या हातच्या जोडीला त्यांनी ते कधी करताना पाहिलं नव्हतं. त्याच अंगावर काही महिन्यांपूर्वी विषानं साय धरली होती. बशीबाई थकली की अंग झटकायची आणि सगळी पिल्लं झुंडीनं बशीरावांकडे जायची. काकांनी बायकोला जवळ ओढलं. "बघ," ते म्हणाले. "किती आहेत बघ." तिला मोजता येईनात आणि मोजायची गरजही वाटली नाही.

पुढे दुसरा डोळाही झाला. घरातले पडदे निळे आहेत हे काकांनी स्वतःहून मान्य केलं आणि मोजे जोडीनं घालायला लागले. बादल्या पुन्हा हातात आल्या. बायको आता बहुतेक दिवस मशीनवर असते, पण आठवड्यातून एकदा काका तिला दवाखान्यात बरोबर नेतातच. नळीत पाणी घेतात, थेंब टाकतात, हलवतात, स्वतः बघतात आणि मग नळी तिच्यासमोर धरतात.

परवा ती वैतागली. "अहो, आता दोन्ही डोळे नवे करकरीत आहेत. माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं तुम्हाला. मला कशाला विचारता?"

"तेव्हाही मला स्वच्छच दिसत होतं," काका म्हणाले. "तू सांग."

तिनं नळी उजेडाकडे धरली, पुठ्ठ्यावरचा दोरा शेजारी आणला आणि नीट बघून म्हणाली, "पोपटी."

"पोपटी," काका म्हणाले आणि त्यांनी बादली उचलली.